बाबा नॉमिनी, घरात बायको आणि मुलगी: विम्याचे पैसे कुणाचे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नागपुरातल्या मानेवाड्याचे, नोकरी हिंगणा एमआयडीसीत. 2012 साली, लग्नाच्या बरंच आधी, त्यांनी एक एन्डोमेंट पॉलिसी (मुदत संपली तरी पैसे देणारी) काढली आणि नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव दिलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती आता चार वर्षांची आहे. 2021 मध्ये घराचं कर्ज घेताना 75 लाखांची टर्म पॉलिसी (मृत्यू झाला तरच पैसे देणारी) काढून ती बँकेकडे असाइन केली, म्हणजे कर्जाला तारण म्हणून बँकेच्या नावावर केली. त्या फॉर्मवरही एजंटने जुन्या पॉलिसीवरून उतरवून वडिलांचंच नाव टाकलं. आता मेव्हणा म्हणतो, "नॉमिनी म्हणजे नुसता पोस्टमन, पैसे वारसांचेच." एजंट म्हणतो, "कायदा बदललाय, पैसे नॉमिनीचेच." खरं कोण बोलतोय? आणि नाव बदललं तर बाबांना वाईट वाटेल, त्याचं काय?

मी आधी विमा कंपनीच्या दावे विभागात होतो, आता नागपुरातच सल्ल्याचं काम करतो. हा प्रश्न या ना त्या रूपात सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा मेव्हणा 2014 पर्यंत शंभर टक्के बरोबर होता. एजंट त्यानंतरच्या काळापुरता बऱ्यापैकी बरोबर आहे, पण त्याला वाटतं तितका नाही.

मेव्हण्याची बाजू आधी घेऊ. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात स्पष्ट सांगितलं की विमा कायदा 1938 च्या कलम 39 खालचा नॉमिनी हा फक्त पैसे स्वीकारणारा हात आहे. कंपनीने त्याच्या हातात पैसे दिले की कंपनी मोकळी. ते पैसे शेवटी कुणाचे, हे वारसा कायदा ठरवणार. त्या प्रकरणात बायको नॉमिनी होती आणि वाटा मागणारी होती मृताची आई. आईचा हक्क मान्य झाला. पुढची तीस वर्षं हाच नियम चालला, आणि आजही बहुतेक लोकांच्या डोक्यात हाच बसलेला आहे.

मग विमा कायद्यात दुरुस्ती झाली. ती 2015 च्या कायद्याने आली, पण लागू धरली 26 डिसेंबर 2014 पासून. कलम 39 मध्ये नवीन पोटकलम आलं: विमाधारकाने स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीत आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं, यांच्यापैकी कुणाला नॉमिनी केलं असेल, तर त्या नॉमिनीचा पैशावर स्वतःचा, लाभाचा हक्क राहील. बोलण्यात आपण याला 'बेनिफिशियल नॉमिनी' म्हणतो. पॉलिसी कधी काढली हे इथे बघायचं नाही. पैसे देय कधी झाले, ते बघायचं. म्हणजे तुमची 2012 ची पॉलिसीसुद्धा नव्या नियमातच बसते.

आता हे तुमच्या घराला लावून बघा, कारण तुमचं उदाहरण अगदी टोकाचं आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे आई, पत्नी, मुलगे, मुली. वडील त्या यादीत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात. पहिल्या वर्गातलं एकही माणूस हयात असेल तर वडिलांना काहीच मिळत नाही. लोकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही, पण कायदा तसाच आहे. (हाच कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. दीक्षाभूमीच्या या शहरात ते मुद्दाम सांगावं लागतं, कारण 'हिंदू' शब्द वाचून बरेच जण हा कायदा आपला नाही असं समजतात. मुस्लिम कुटुंबात वाटे त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने पडतात, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांसाठी 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा.)

समजा पॉलिसीचे 60 लाख आले. जुन्या नियमाने बाबांनी ते स्वीकारायचे आणि आई, बायको, मुलगी यांना वीस-वीस लाख द्यायचे. बाबांना शून्य. नव्या नियमाने पूर्ण 60 लाख बाबांचे, बायको आणि मुलीला शून्य. फॉर्म तोच, नाव तेच, माणूस तोच. तुम्हाला स्वतःला यातलं कोणतं हवंय? बहुधा दोन्ही नको असणार.

बरं, नव्या नियमाने सगळं मिटलं असंही नाही. 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर अगदी असंच प्रकरण आलं: लग्नाआधी आईला नॉमिनी केलेलं, लग्नानंतर नाव बदललं नाही, माणूस गेला, मागे बायको आणि लहान मूल. न्यायालयाने सांगितलं की कलम 39 ची दुरुस्ती वारसा कायद्यावर मात करत नाही. वारसांनी हक्क मागितला तर नॉमिनीला सगळे पैसे स्वतःचे म्हणून ठेवता येणार नाहीत. त्याआधी, डिसेंबर 2023 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या नॉमिनीबद्दल असाच कल दाखवला होता. तो निकाल कंपनी कायद्याखालचा आहे, विम्याचा नाही, पण वकील दोन्हीकडे तो वापरतात. धारवाडचा निकाल आपल्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाही, तरी वाद झाला की समोरचा वकील तो काढणारच. कलमाचे शब्द वाचले तर मला एजंटची बाजू जड वाटते. पण तुमच्या बायकोने सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात सासऱ्यांविरुद्ध उभं राहून हा मुद्दा तडीस न्यावा अशी तुमची इच्छा नसेल, तर कोण बरोबर यावर डोकं खर्च करू नका. प्रश्नच उरणार नाही अशी कागदपत्रं करा.

बेनिफिशियल नॉमिनीच्या यादीत कोण नाही, हेही बघून घ्या. भाऊ नाही. बहीण नाही. सून, जावई, नातवंडं, पुतण्या, लग्न न करता सोबत राहणारा जोडीदार, यांपैकी कुणी नाही. त्यांना नॉमिनी करायला पूर्ण बंदी आहे असं नव्हे, पण तिथे 1984 चाच नियम: ते पैसे स्वीकारतील, मालक वारस. लग्न झालेली मुलगी मात्र 'मुलं' मध्येच येते. ती सासरी गेली म्हणून तिचं नाव काढायचं काही कारण नाही, आणि आपल्याकडे ते सर्रास काढलं जातं.

आता दावे विभागाच्या टेबलामागून हे कसं दिसतं ते सांगतो. नॉमिनी मृत्यूचा दाखला, पॉलिसी, ओळखपत्र, बँकेचं पासबुक घेऊन येतो. रेकॉर्डला त्याचं नाव आहे, कागद बरोबर आहेत, मग कंपनी त्याला पैसे देते. बाकी वारस कोण, घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, हे तपासणं कंपनीचं काम नाही. तपासाची गरज नसलेला मृत्यूदावा 15 दिवसांत आणि तपासाचा 45 दिवसांत निकाली काढायचा, असे विमा नियामकाचे सध्याचे नियम आहेत. त्यामुळे पैसे पटकन जातात, आणि एकदा गेले की उरलेल्या वारसांनी भांडायचं ते नॉमिनीशी. पैसे थांबवायचे असतील तर त्याआधीच न्यायालयाचा मनाई हुकूम आणून द्यावा लागतो. नुसता "माझाही हक्क आहे" असा अर्ज दिला तर कंपनी जरा सावध होते इतकंच. दोन्हीकडून दावे आले आणि खरा हक्कदार ठरवता येईना, तर कलम 47 खाली कंपनी रक्कम न्यायालयात भरून मोकळी होऊ शकते. मग वर्षानुवर्षं तारखा.

भांडणापेक्षाही जास्त दावे अडकतात ते नावात. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. नवऱ्याने फॉर्ममध्ये लिहिलं 'सौ. प्राजक्ता', कारण लग्नात तांदळात तेच नाव लिहिलं होतं. आधारवर ती 'वंदना', तेही माहेरच्या आडनावाने. बँकेचं खातं तिसऱ्याच नावाने. दाव्याच्या वेळी ही तिन्ही एकच बाई, हे सिद्ध करायचं म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, कधी राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी. बाराव्या दिवसाच्या आत ती बिचारी तहसीलच्या आणि नोटरीच्या चकरा मारत असते. म्हणून नॉमिनीचं नाव नेहमी आधारवर जसं आहे अगदी तसंच, जन्मतारखेसकट. लाडाचं नाव, 'सौ.', 'श्रीमती' काही नको.

तुम्ही नोकरदार आहात म्हणून आणखी एक गैरसमज काढतो. पीएफच्या योजनेत लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं, नवीन भरावं लागतं. कंपनीच्या एचआरने तुम्हाला लग्नानंतर ते भरायला लावलं असेल, आणि त्यावरून लोकांना वाटतं विम्यातही तसंच होत असणार. तसं होत नाही. विम्यात लग्नाने, मुलं झाल्याने, घटस्फोटाने, कशानेच नॉमिनेशन बदलत नाही. घटस्फोट होऊन दहा वर्षं झाली तरी रेकॉर्डला पहिल्या बायकोचं नाव असतं आणि फाइल उघडल्यावर सगळ्यांचे चेहरे पडतात. कंपनीकडून ग्रुप टर्म विमा असेल तर त्याचा नॉमिनी आणखी वेगळा, तो एचआरच्या रेकॉर्डला. बँक खात्यातून वर्षाला 436 रुपये कापून मिळणारा जीवन ज्योती विमा, दोन लाखांचा, त्याचा नॉमिनी बँकेत. तिन्ही ठिकाणी वेगवेगळी नावं निघणं ही रोजची गोष्ट आहे.

मुलीचं नाव टाकायचा विचार असेल तर ती अठराची होईपर्यंत अपॉइंटी नेमावा लागतो, आणि त्याची संमतीची सही लागते. पैसे अपॉइंटीच्या हातात जातात, मुलीसाठी म्हणून. इथे मुलीच्या आईला सोडून 'मोठे बाबा' किंवा काका यांचं नाव टाकायची जुनी सवय आहे, घरातला पुरुष माणूस व्यवहार बघेल म्हणून. मला ते पटत नाही. आई हयात आणि समर्थ असताना तिला डावलून मुलीचे पैसे दिराच्या खात्यावर पाठवायचे, यातून भलं झालेलं फार कमी वेळा बघितलं. तुमच्या बाबतीत तर सरळ बायकोलाच नॉमिनी केलं तर हा प्रश्नच येत नाही.

उलट बाजूची एक चूक: मुलांच्या नावाने काढलेल्या पॉलिसी. वडील प्रस्तावक, विमा मुलाच्या आयुष्यावर. अशा पॉलिसीत वडिलांना नॉमिनेशन करता येत नाही, कारण नॉमिनेशन फक्त स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीत होतं. मुलगा सज्ञान झाला की पॉलिसी त्याच्या नावावर जाते आणि त्याने नॉमिनी नोंदवायचा असतो. हे जवळपास कुणीच करत नाही. तीस वर्षांच्या कमावत्या मुलाच्या पॉलिसीत नॉमिनीचा रकाना कोरा असतो.

असाइनमेंटकडे वळतो, कारण तुमची टर्म पॉलिसी बँकेकडे आहे. पूर्वी पॉलिसी बँकेकडे असाइन केली की नॉमिनेशन आपोआप रद्द व्हायचं. 2015 च्या दुरुस्तीनंतर कर्जासाठी केलेल्या असाइनमेंटने नॉमिनेशन रद्द होत नाही. बँकेचं जेवढं येणं आहे तेवढ्यापुरता नॉमिनीचा हक्क मागे सरतो. समजा 75 लाखांचं कव्हर आहे आणि त्या दिवशी 28 लाखांचं कर्ज बाकी आहे, तर 28 लाख बँकेला आणि 47 लाख नॉमिनीला. तुमच्या बाबतीत ते 47 लाख आज बाबांच्या नावावर जातील. म्हणजे घर सुटेल, पण त्या घरात राहणाऱ्या बायको-मुलीच्या हातात रोख काही नाही. कर्ज फिटल्यावर बँकेकडून री-असाइनमेंट करून, म्हणजे पॉलिसी परत स्वतःच्या नावावर घेऊन, विमा कंपनीत नोंदवायचं मात्र विसरू नका. ना हरकत पत्र आणि घराचे कागद घेतले की लोक बँकेचं तोंड बघत नाहीत, आणि पॉलिसी कागदोपत्री बँकेकडेच राहते.

धंदा करणाऱ्यांसाठी, किंवा पतसंस्थेत मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी, मुद्दा वेगळा आहे. कलम 39 मध्येच लिहिलंय की बेनिफिशियल नॉमिनीच्या तरतुदीने सावकाराचा, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याचा, पॉलिसीच्या रकमेतून वसुली करण्याचा हक्क जात नाही. बायको नॉमिनी असली तरी देणेकरी दारात येऊ शकतात. यावर उत्तर आहे 1874 चा विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, बोलण्यात एमडब्ल्यूपी. त्याच्या कलम 6 खाली विवाहित पुरुषाने बायको, मुलं किंवा दोघांच्या लाभासाठी पॉलिसी काढली की ती त्यांच्यासाठीची विश्वस्त मालमत्ता होते. ती त्याच्या इस्टेटीत धरत नाहीत, देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही, आणि नॉमिनी की वारस हा वादही तिथे येत नाही. देणेकऱ्यांना फसवायच्या हेतूने पॉलिसी काढली असं सिद्ध झालं, तर मात्र त्यांचा पॉलिसीच्या रकमेतून वसुली करण्याचा हक्क राहतो.

गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक व्यापाऱ्याला मी टर्म विमा सांगतो तेव्हा एमडब्ल्यूपीचा फॉर्म सोबतच ठेवतो. पण दोन गोष्टी आधी सांगतो. हे फक्त प्रस्तावाच्या वेळीच करता येतं, जुनी पॉलिसी नंतर एमडब्ल्यूपीखाली आणता येत नाही. आणि लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत, अगदी घटस्फोट झाला तरी. पॉलिसी सरेंडर केली तरी पैसे लाभार्थ्यांचेच. नवरा-बायकोचं नीट चालत नसताना कुणी घाईने एमडब्ल्यूपी करायला आला, तर मी त्याला आधी घरी जाऊन विचार करायला सांगतो. तुम्ही नोकरदार आहात, घराच्या कर्जाशिवाय मोठी देणी नाहीत. तुम्हाला याची तातडी नाही. पुढे कधी नवीन टर्म पॉलिसी काढाल तेव्हा विचार करा.

मृत्युपत्राने नॉमिनी बदलता येतो का? येतो, कलम 39 मध्ये तशी सोय आहे. पण बदलाची लेखी सूचना कंपनीला पोचली नसेल आणि कंपनीने रेकॉर्डवरच्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे दिले असतील, तर कंपनीला जाब विचारता येत नाही. कपाटातल्या मृत्युपत्राची खबर कंपनीला कोण देणार? तरीही मृत्युपत्र कराच, आणि त्यात पॉलिसी क्रमांकासह तेच नाव लिहा जे कंपनीच्या रेकॉर्डला आहे. नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्हीकडे एकच नाव असलं की 1984 चा नियम लावा, 2015 चा लावा की धारवाडचा, उत्तर एकच येतं.

नॉमिनी विमाधारकाच्या आधीच गेला तर? एकच नॉमिनी होता आणि नवीन नोंदवला नाही, तर पैसे वारसांकडे जातात, आणि रक्कम मोठी असली की कंपनी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. बाबांचं वय बघता तुमच्याकडे ही शक्यता खरी आहे. दोन नॉमिनी असतील तर जो हयात असेल त्याला मिळतं. नॉमिनी विमाधारकानंतर, पण पैसे मिळायच्या आत गेला, तर बेनिफिशियल नॉमिनीचे पैसे त्या नॉमिनीच्या वारसांना जातात, विमाधारकाच्या नव्हे. अपघातात नवरा-बायको दोघं काही तासांच्या अंतराने गेले की हा फरक फार मोठा ठरतो.

आता तुमच्यासाठी. टर्म पॉलिसीत बायकोला शंभर टक्के नॉमिनी करा. ती पॉलिसी काढलीच होती घरासाठी. 2012 ची पॉलिसी लहान असणार. तिथे बाबांना आणि आईला टक्क्यांत वाटून ठेवा, हवं तर अर्धं-अर्धं. आई वारस आहेच, बाबा वारस नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी काही ठेवायचं तर नॉमिनेशन आणि मृत्युपत्र हाच मार्ग आहे. बाबांना हे असंच सांगा: की नाव काढलं नाही, कायदा त्यांना काही देत नव्हता म्हणून वेगळी सोय केली. विदर्भातले म्हातारे या विषयावर बोलायला आपण समजतो तेवढे नाजूक नसतात. शेताच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढवायचं यावर त्यांनी आयुष्यभर याहून कडक चर्चा केलेल्या असतात.

फॉर्म शाखेत द्या किंवा कंपनीच्या पोर्टलवर भरा, पण तिथेच थांबू नका. नॉमिनेशन नोंदवल्याची लेखी पावती किंवा पॉलिसीवरचं एन्डोर्समेंट (बदलाची अधिकृत नोंद) हातात येईपर्यंत काम झालेलं नसतं. अर्ज दिला आणि नोंदच झाली नाही, असं दाव्याच्या वेळी कळतं तेव्हा फॉर्मची झेरॉक्स कंपनीला बांधील धरायला पुरत नाही. टर्म पॉलिसी असाइन केलेली असल्यामुळे बँकेलाही एक पत्र लागेल का, ते शाखेत विचारून घ्या. कंपनीने महिनाभर दाद दिली नाही तर आधी तक्रार निवारण अधिकारी, मग विमा लोकपाल. नागपूरकरांसाठी तो पुण्यात बसतो, फी लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तो ऐकतो.

हे झालं की त्या पावत्यांचे फोटो बायकोच्या फोनमध्ये टाका आणि पॉलिसीच्या मूळ प्रती कुठे आहेत ते तिला दाखवा.